एकोणसाठ ऐकलं, ६९ लिहिलं : स्मृतीचं प्रकरण आणि २०१९ चा संख्यावाद

‘पेट’ची तयारी करणाऱ्या कुणालाही स्मृतीच्या प्रकरणातले तीन शब्द झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. संकेतन, साठवण, प्रत्यानयन. सोबत ॲटकिन्सन आणि शिफ्रिन, साल १९६८, तीन चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. पण मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘हे तीन शब्द वापरून महाराष्ट्रातल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर पाच मिनिटं बोला बरं,’’ की खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. म्हणून आज नवा सिद्धांत शिकवत नाही. तुम्हाला नक्की आठवत असलेलं एक भांडण घेते आणि ते संशोधकाच्या नजरेनं तपासू. भांडणात दोन्ही बाजूंनी स्मृतीबद्दलच दावे केले होते. ते दावे स्मृतीबद्दल आहेत हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

जून २०१९. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बासष्टच्या जोडीला ‘साठ दोन’ असं वाचन छापलेलं होतं. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठीत आपण पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५. मूल गोंधळतं आणि ५२ लिहितं. शिवाय या शब्दांत जोडाक्षरं भरपूर. इंग्रजीत आणि कन्नड-तेलुगूसारख्या दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलतात, मग आपल्या मुलांनाच हा त्रास कशाला? जुने शब्द रद्द केलेले नाहीत, दोन्ही पर्याय दिलेले आहेत, हेही त्या सांगत राहिल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वृत्तवाहिन्यांवर चर्चा, विधानसभेत चिमटे, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर. भाषा बुडाली म्हणणारे एका बाजूला, मुलांची सुटका झाली म्हणणारे दुसऱ्या. नारळीकर बाई २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या तेव्हाही श्रद्धांजलीच्या लेखांत हा वाद डोकावलाच. विनोद सोडून द्या. प्रश्न खरा आहे. काळेवाडीत आमच्या आसपास गिरणीकामगार नाहीत, कंपनीकामगार आहेत. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली घरं, आणि शेजारीच उत्तर प्रदेश-बिहारमधली. मुलं कुणी मराठी माध्यमात, कुणी सेमी-इंग्रजीत, कुणी नुसत्या नावाच्या इंग्रजी शाळेत. दुकानदार ‘‘एकोणऐंशी झाले’’ म्हणतो आणि सहावीतला पोरगा विचारतो, ‘‘सेव्हन्टी नाईन का एटी नाईन?’’ त्याच पोराला शाळेत ‘गणितात कच्चा’ हा शिक्का बसलेला असतो. तो गणितात कच्चा आहे, की त्याला एक शब्द ओळखता आला नाही? शिक्का एकदा बसला की पुढची आठ-दहा वर्षं निघत नाही, त्यामुळे हा फरक नीट करायला हवा.

आता तीन शब्दांकडे.

मुलाला ‘एकोणसाठ’ ऐकवा आणि अंकात लिहायला सांगा. हमखास दिसणारी चूक म्हणजे ६९. वादात बहुतेकांनी याला ‘उलटं बोलण्याचा’ त्रास म्हटलं. पण उलटं बोललेलं उलटं लिहिलं असतं तर ९५ यायला हवं होतं. ६९ का येतं? कारण मुलानं ‘साठ’ ओळखला, ‘एकोण’ म्हणजे नवाचं काहीतरी हेही त्याला अंदाजानं ठाऊक आहे, आणि दोन्ही जोडून टाकलं. एकोणसाठ या शब्दात पाच कुठे ऐकूच येत नाही. नऊही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो साठ, जो उत्तरात नाही! शब्दात वजाबाकी दडलेली आहे, एक उणे साठ. आणि ती वजाबाकी सातव्या वर्षी कुणी उलगडून सांगितलेली नसते.

म्हणजे मराठी संख्यानामांत एक नाही, तीन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली, एकक आधी आणि दशक नंतर. दुसरी, दशकाचा आवाजच बदलतो. सत्तरचं ‘हत्तर’ होतं, साठचं ‘सष्ट’, आणि पन्नासचं तर कधी ‘वन्न’ कधी ‘पन्न’. एक्कावन्न, बावन्न, पण त्रेपन्न, चोपन्न, पुन्हा पंचावन्न, आणि लगेच छप्पन्न. एककही तसाच बहुरूपी. दोनचा बा, ब, बे, ब्या. बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. तिसरी, हे एकोण-प्रकरण, जे एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालतं आणि नेमकं शंभराच्या तोंडाशी दगा देतं. तिथे एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव.

या तिन्ही अडचणी स्मृतीच्या वेगवेगळ्या कामावर बसतात. माझ्या मते २०१९ च्या वादाचा खरा दोष हाच की तिन्ही एकाच पोत्यात भरल्या.

उलट क्रमाचा भार पडतो तो कार्यकारी स्मृतीवर. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये अल्पकालीन स्मृतीचा साधा डबा मोडून तिला काम करणारी जागा म्हटलं. थोडं धरून ठेवायचं आणि धरलेल्यावर काहीतरी करायचं. ‘पंचवीस’ ऐकताना पाच धरून ठेवायचा, वीस येईपर्यंत थांबायचं, मग २ आधी लिहून धरलेला ५ नंतर सोडायचा. मोठ्यांना हे जाणवतही नाही. सात वर्षांच्या मुलाची धरून ठेवण्याची ताकद अजून वाढीला लागलेली असते, आणि अक्षर गिरवण्यातच अर्धं लक्ष गेलेलं असतं.

बदललेल्या आवाजांचा भार दीर्घकालीन साठवणीवर. इंग्रजीत वीस ते नव्व्याण्णव म्हणायला आठ दशकं आणि नऊ एकक पुरतात; बाकी सगळं जुळवून घेता येतं. मराठीत ‘त्रेपन्न’ आणि ‘त्र्याहत्तर’ यांच्यात कुळाचं साम्य आहे, पण ‘तीन’ आणि ‘पन्नास’ माहीत असणाऱ्या मुलाला ‘त्रेपन्न’ आपोआप मिळत नाही. तो शब्द म्हणून वेगळा साठवावा लागतो. मिलर, स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकन बालकांच्या मोजण्याची तुलना केली. दहापर्यंत दोघं सारखेच, फरक सुरू होतो तो दहाच्या पुढे, जिथे चिनी भाषा ‘दहा-एक, दहा-दोन’ म्हणते आणि इंग्रजी इलेव्हन, ट्वेल्व्ह असे तुटक शब्द वापरते. इंग्रजीतल्या त्या थोड्याशा खडबडीत शब्दांनी एवढा फरक पडत असेल, तर आपल्याकडे खडबडीत रस्ता थेट नव्व्याण्णवपर्यंत आहे.

आणि एकोणची अडचण मुळात स्मृतीची कमी, नियमाची जास्त. ‘एकोण म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी’ हे मुलाला एकदा नीट दाखवलं तर आठ शब्दांचा भार एका नियमावर येतो. समितीच्या पद्धतीत पन्नास नऊ म्हटलं की प्रश्नच मिटतो, हे मान्य. पण जुन्या पद्धतीतही ही अडचण पाठांतराशिवाय सुटू शकते.

आता परदेशी अभ्यासांकडे येऊ, कारण सिनॉप्सिसमध्ये तुम्ही ते घालणारच. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. झुबर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकवून लिहायला सांगितलं, तर साधारण निम्म्या चुका क्रम उलटण्याच्या निघाल्या. त्याहून भारी अभ्यास आहे चेक भाषेवरचा, पिक्सनर आणि सहकाऱ्यांचा, २०११ मधला. चेकमध्ये पंचवीस दोन्ही तऱ्हांनी म्हणतात, ‘वीस पाच’ आणि ‘पाचवीस’. म्हणजे त्याच मुलांना, त्याच भाषेत, दोन्ही पद्धतींनी संख्या सांगून बघता येतात. उलट क्रमात चुका जास्त झाल्या, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास क्रमाच्याच होत्या. मुलं तीच असल्यामुळे घर, शाळा, बुद्धी, शिक्षक हे सगळे चल आपोआप बाजूला पडतात. संशोधन आराखडा म्हणून हा अभ्यास शांतपणे वाचाच.

पण लगेच ‘‘बघा, नारळीकर बाईंचं सिद्ध झालं!’’ असं लिहू नका. जर्मन आणि चेकमध्ये क्रम उलटा आहे, पण त्यातले तुकडे बऱ्यापैकी ओळखू येतात. फ्युन्फ-उंड-त्स्वान्झिश, पाच आणि वीस. आपल्या पंचाहत्तरात पाचही सरळ नाही आणि सत्तरही. म्हणून तो निष्कर्ष मराठीला पहिल्या अडचणीपुरता लागू होतो, दुसऱ्या-तिसऱ्याला नाही. परदेशी निष्कर्ष आयात करताना कुठल्या अडचणीचा पुरावा कुठल्या अडचणीला जोडतोय हे प्रत्येक वाक्याला तपासावं लागतं. समितीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी इथे घाई केली असं मला वाटतं. इंग्रजीचा दाखला देताना थर्टीन आणि फोर्टीनमध्येही एकक आधी येतो, हे कुणी बोललंच नाही.

विरोधकांचा लाडका मुद्दा होता, ‘‘आम्ही शिकलोच की! आमचं काय अडलं?’’ मुद्दा टाकाऊ नाही, पण तो ज्यांचं अडलं नाही त्यांच्याकडून येतो. ज्यांचं अडलं ते तिसरी-चौथीत मागे पडले, त्यातले काही शाळेतून गेले आणि त्यांना चर्चेला कुणी बोलावलं नाही. नमुना निवडीतला दोष म्हणून हे उदाहरण वहीत लिहून ठेवा. दुसरं म्हणजे मोठ्या माणसाला ‘छप्पन्न’ शिकतानाचा त्रास आठवत नाही, कारण त्याच्यासाठी तो आता एकसंध शब्द झालेला आहे. तो ऐकताक्षणी ओळखतो.

या एकसंध होण्याला मानसशास्त्रात गठ्ठा बांधणं म्हणू. मिलरचा १९५६ चा सात अधिक-उणे दोन सगळ्यांना पाठ. कोवाननं २००१ मध्ये तो आकडा साधारण चारावर आणला, तोही लिहा. पण गठ्ठा कशाचा बनतो हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. आपल्याकडचं उदाहरण घ्या. मागच्या पिढीतली माणसं मोबाइल नंबर जोड्यांनी सांगायची, ‘‘अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस…’’ दहा अंकांचे पाच गठ्ठे. ज्याच्या मनात ‘सदतीस’ आधीच घट्ट साठलेला आहे त्याला हा नंबर सोपा जातो. सेमी-इंग्रजीतल्या मुलाला हाच नंबर पाच कोड्यांसारखा वाटतो आणि तो म्हणतो, ‘‘काका, एकेक अंक सांगा ना.’’ नंबर तोच, स्मृतीची मर्यादा तीच, पण आधीची साठवण वेगळी म्हणून गठ्ठे वेगळे. एरिक्सन, चेस आणि फलून यांनी १९८० मध्ये एका सामान्य विद्यार्थ्याची अंक लक्षात ठेवण्याची मजल सातावरून सुमारे एकोणऐंशीपर्यंत नेली. (मुद्दाम अक्षरात लिहिलं. किती सेकंद थांबलात?) तो पळण्याच्या शर्यती धावायचा, म्हणून अंकांचे गठ्ठे तो शर्यतीच्या वेळा म्हणून बांधायचा. त्याला अक्षरं दिली तर मजल परत सहाच्या आसपास. त्याच्या स्मृतीचा डबा मोठा झाला नव्हता. आत जे आधीपासून होतं त्याचा वापर तो करत होता.

म्हणून तीन चौकोनांची ती आकृती मला अपुरी वाटते. बाण डावीकडून उजवीकडे जातात. संकेतन, मग साठवण, मग प्रत्यानयन, जणू गोदामात माल आला, रॅकवर चढला आणि मागणी आली की उतरवला. चाकणच्या गोदामात तसं होत असेल. स्मृतीत रॅकवर आधी काय आहे त्यावर दारातून काय आत येणार हे ठरतं. न्याय म्हणून सांगायचं तर मूळ १९६८ च्या लेखात माणूस स्वतः माहितीवर काय नियंत्रण ठेवतो याची भरपूर चर्चा आहे. गाईडमध्ये उतरताना ती गळून गेली आणि डबे तेवढे राहिले. मूळ लेख वाचा म्हणतात ते यासाठी.

आता एक गोष्ट जी वादात कुणीच काढली नाही, आणि जी तुम्ही आत्ता बसल्या जागी तपासू शकता. बॅडली, थॉमसन आणि ब्यूकॅनन यांनी १९७५ मध्ये दाखवलं की शब्द म्हणायला जितका वेळ लागतो तितके कमी शब्द आपण तात्पुरते धरू शकतो. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये हेच वेल्श-इंग्रजी द्वैभाषिकांवर वापरलं. वेल्शमधले अंक म्हणायला जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये अंकांची मजल कमी भरत होती. मुलं मंद नव्हती, शब्द लांब होते. मग आपली नवी नावं लांब की आखूड? म्हणून बघा. छप्पन्न आणि पन्नास सहा. बावन्न आणि पन्नास दोन. चोपन्न आणि पन्नास चार. पन्नाशीत नवी पद्धत लांब पडते. आता सदुसष्ट आणि साठ सात. पंचाहत्तर आणि सत्तर पाच. एकोणसत्तर आणि साठ नऊ. साठी-सत्तरीत नवी पद्धत आखूड. विशीत काही फरक नाही, बावीस काय आणि वीस दोन काय. म्हणजे ‘नवी पद्धत सोपी’ हे सरसकट विधान कार्यकारी स्मृतीच्या दृष्टीनं दशकागणिक बदलतं. इथे एक छोटा शोधनिबंध पडून आहे. कुणी उचलणार असाल तर खुशाल उचला.

आठवण्याच्या बाजूला आलं की पाढे येतात. ‘सात आठे छप्पन्न’ ही नुसती माहिती नाही, चाल आहे. ‘सात आठे पन्नास सहा’ म्हणून बघा, गाडी रुळावरून उतरते. पाढ्यात प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते, म्हणूनच मधलाच प्रश्न विचारला की मूल ‘सात एके सात’पासून सुरू करतं. जुन्या पंतोजींच्या शाळेत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकीपर्यंत सगळं याच चालीवर चालायचं. पाठांतराला नावं ठेवण्याची आता फॅशन आहे. चालीवर आठवणं हा चांगला आधार आहे, एवढंच की तो चालीबाहेर चालत नाही.

हे मी रोज बघते. संध्याकाळी शेजारच्या चार-पाच मुलांचा अभ्यास घेते. त्यातली एक मुलगी नवाचा पाढा धडाधड म्हणते, ‘नऊ आठे बहात्तर’ बिनचूक. त्यानंतर दहा मिनिटांनी तिला सुटा ‘बहात्तर’ लिहायला सांगितला तर पेन्सिल थांबते. आठवलं, पण ओळखता आलं नाही! पुस्तकं तर सांगतात की ओळखणं नेहमी आठवण्यापेक्षा सोपं. स्टँडिंगच्या १९७३ च्या प्रयोगात दहा हजार चित्रं पाहिलेल्या लोकांनी नंतर दोनांतलं पाहिलेलं चित्र सुमारे ८३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. तेवढी चित्रं आठवून कोण सांगेल? तरीही त्याच १९७३ मध्ये टुल्विंग आणि थॉमसन यांनी दाखवलं की शिकताना सोबत असलेला धागा मिळाला तर माणूस असे शब्द आठवून देतो जे त्यानं थोड्या वेळापूर्वी समोर असूनही ओळखले नव्हते. त्या मुलीचा धागा ‘नऊ आठे’ आहे. तो काढून घेतला की ‘बहात्तर’ तिच्यासाठी अनोळखी. एकच एक प्रत्यानयन असं काही नसतं. कुठल्या धाग्यानं ओढलं यावर सगळं अवलंबून.

(हेच तुमच्या पेटच्या तयारीलाही लागू आहे. बहुपर्यायी प्रश्नांची गाईडं वाचून तुम्ही ओळखण्याचा सराव करता. मुलाखतीत पर्याय नसतात. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानं सुमारे ४० टक्के आठवलं, एकदा वाचून तीनदा न बघता लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते, म्हणून तर रात्री गाईड वाचून ‘सगळं येतंय’ असं वाटतं. कंस पूर्ण.)

या सगळ्यावरून २०१९ च्या पुस्तकाबद्दल माझं मत काय, हे टाळत नाही. संख्या लिहायला शिकण्याच्या पहिल्या वर्षात ‘साठ दोन’ हा आधार म्हणून उत्तम आहे. तो क्रमाचा भार काढतो आणि दशक उघडं करून दाखवतो. पण त्यालाच मुक्काम मानणं चूक, कारण काळेवाडी फाट्यावर भाजीवाली ‘साठ दोन’ म्हणत नाही. मूल घरात, दुकानात, बसमध्ये जे ऐकणार ते बासष्टच, आणि ऐकलेलं ओळखायला तो शब्द साठलेला असावाच लागतो. पुस्तकानं दोन्ही शेजारी छापले यात मला शहाणपण दिसतं. कमी पडलं ते पुढचं काम. बासष्टमधला ‘सष्ट’ म्हणजे साठ आणि ‘बा’ म्हणजे दोन, हे मुलाला कोण, कधी, कसं उकलून दाखवणार? दोन शब्द शेजारी ठेवल्यानं धागा आपोआप बांधला जात नाही. आणि विरोधकांनी जो पर्याय सांगितला, ‘घोकून घ्या’, त्यात हा धागा मुळीच नाही.

नॉर्वेनं हा बदल खरंच करून पाहिलाय. तिथे ‘पाच आणि वीस’ म्हणत. टेलिफोन खात्याला नंबर सांगताना-ऐकताना चुका नको होत्या, आणि संसदेच्या ठरावानं १ जुलै १९५१ पासून शाळा आणि सरकारी कामात ‘वीस पाच’ आलं. सत्तर वर्षांनंतरही जुनी तऱ्हा लोकांच्या बोलण्यात टिकून आहे, काही जण दोन्ही वापरतात. संख्यानामं घरात शिकली जातात, ठरावानं ती जात नाहीत. ‘मराठी बुडेल’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘आता प्रश्न सुटला’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचायला हरकत नव्हती.

तुमच्यापैकी कुणाला यावर काम करायचं असेल तर सुरुवात शीर्षकापासून करा. ‘संख्यावाचनाच्या नव्या पद्धतीचा विद्यार्थ्यांच्या स्मृतीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन गेलात तर समितीतला पहिला प्रश्न येईल, कुठल्या स्मृतीवर? कार्यात्मक व्याख्या तिथेच हवी. ऐकून लिहिणं हे एक काम, लिहिलेलं बघून बोलणं दुसरं, ऐकलेल्या संख्येचं कार्ड चारांतून उचलणं तिसरं. तिन्ही त्याच मुलांना द्या, दोन्ही पद्धतींनी, आणि क्रम अर्ध्या मुलांसाठी बदला, नाहीतर दुसऱ्या फेरीत सरावाचा फायदा दिसेल आणि तुम्ही त्याला पद्धतीचा फायदा म्हणाल. चुका नुसत्या मोजू नका, वेगळ्या करा. पंचवीसचे ५२ एका रकान्यात, एकोणसाठचे ६९ दुसऱ्या, त्र्याहत्तर ऐकून ८३ लिहिलेले तिसऱ्या. एकूण चुकांची सरासरी काढलीत तर हे तिन्ही एकमेकांत विरघळतील आणि टी-चाचणीतून काहीही निघेल.

घरची भाषा नोंदवाच. इथल्या वर्गात हिंदी घरातलं मूल असतं, आणि हिंदीत उनसठ, उन्यासी असा आणखी वेगळा पसारा आहे. त्याची चूक मराठी शब्दाची की हिंदीशी झालेल्या गल्लतीची, हे नंतर कळणार नाही. बेळगाव-निपाणीकडे जाता आलं तर फारच छान, तिथली मुलं मराठीत पंचवीस आणि कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस-पाच, दोन्ही बोलतात. चेक अभ्यासाच्या जवळ जाणारा नमुना आपल्याच सीमेवर आहे. परवानगी शाळेची आणि पालकांची, दोन्ही घ्या, आणि एकेका मुलाची उत्तरं वर्गशिक्षकांना दाखवू नका. नाहीतर ज्या शिक्क्याबद्दल आपण बोलतोय तो तुमच्याच हातून बसेल.

आणि शब्दयादी बनवताना नव्व्याण्णवचं काय करायचं ते आधीच ठरवा. तो एकोण-गटात बसत नाही, नव्वदीतल्या बाकीच्यांशी जुळतो, पण नऊ एकक असलेला तो एकटाच असा. ठेवलात तर कुठल्या गटात हे कागदावर लिहून ठेवा. विदा हातात आल्यावर ठरवायला गेलात तर तो तुम्हाला सोयीच्या गटात जाऊन बसेल.